आईला भाषा मिळाली

आमच्या घरात आम्ही चौघं होतो आणि त्यातल्या तिघांना भाषा मिळाली होती. राहिली होती फक्त आई. हे असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आई मुकी होती की काय. मुकी कसली! ती बोलायला लागली की फतेगंजातल्या आमच्या गल्लीत तिचा आवाज कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत जायचा. भाषा म्हणजे ही रोजची नव्हे. पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे आत्मा माणसावर उतरला, की तोंडून आपोआप अनोळखी शब्द निघू लागतात, आणि ते देवाशी बोलणं असतं, अशी आमच्या फेलोशिपची शिकवण होती. शास्त्रात त्याला अन्य भाषा म्हणतात. आमचे लोक नुसतं ‘भाषा’ म्हणत. भेटले की आधी तेच विचारत, “तुम्हाला मिळाली का भाषा?” त्या वर्षांत लोक एकमेकांना ‘तुमचा टेलिफोन लागला का’ असंही विचारत. दोन्हींची वाट बघावी लागायची, आणि दोन्ही शेजाऱ्याकडे आधी यायचं.

फेलोशिपच्या आधीचं घर मला आठवतं ते वासानं आणि आवाजानं. आई-पप्पा दोघंही नगरकडचे, पिढीजात ख्रिस्ती. पप्पा बडोद्याला एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि आम्ही इथलेच झालो. रविवारी जुन्या चर्चमध्ये मराठी उपासना असायची. तिथं लाकडी बाकं होती, सूर सोडून गेलेली पेटी होती आणि सगळ्यांच्या वर आईचा आवाज असायचा. घरी आल्यावर मटण. आणि मधल्या वारी कधीतरी बोंबील. आमच्या दोन्ही बाजूंना शाकाहारी गुजराती बिऱ्हाडं, म्हणून बोंबील भाजायचे ते खिडक्या लावून, दाराच्या फटीत पोतेरं कोंबून, चोरासारखे. तरी शेजारच्या कांताबेन दुसऱ्या दिवशी विरजण मागायला आल्या की डोळा बारीक करून विचारायच्या, “केम भाभी, काले बारी बंध हती ने?” आई म्हणायची, “वारा फार सुटला होता हो कांताबेन, म्हणून लावली खिडकी.” मग दोघी तोंडाला पदर लावून हसत सुटायच्या. कांताबेनना सगळं माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे आईलाही माहीत होतं.

आईला एकच नाद होता, चहाचा. आलं ठेचून घातलेला, दाट, पितळी गाळणीतून उंचावरून गाळलेला. “सकाळचा चहा पोटात गेल्याशिवाय मला देवसुद्धा दिसत नाही,” असं ती म्हणायची. हे वाक्य पुढं तिला भलतंच महागात पडलं.

मग पप्पांच्या कारखान्याला घरघर लागली. नव्या मशिनी आल्या, सुटाबुटातली पोरं आली, आणि पप्पांच्या वयाच्या लोकांना व्हीआरएस देऊन घरी बसवलं. पप्पा सकाळी आंघोळ करून, भांग पाडून ओट्यावर बसायचे आणि रस्त्याकडे बघत राहायचे. विचारलेल्या गोष्टीला हूं नाहीतर नाही, तिसरा शब्द नाही. जुन्या चर्चचे पाळक एकदा येऊन चहा पिऊन गेले. पास्टर सायमन मात्र रोज आले. निजामपुऱ्यात टायरच्या दुकानावर एक हॉल भाड्यानं घेऊन त्यांनी नवी फेलोशिप काढली होती. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. माझ्या बापाशेजारी ओट्यावर गप्प बसायला दुसरं कुणी आलं नव्हतं, ते आले.

त्या हॉलमध्ये पहिल्याच महिन्यात पप्पांना भाषा मिळाली. ज्या माणसाच्या तोंडातून तिसरा शब्द निघत नव्हता, तो दोन्ही हात वर करून घळाघळा रडत अखंड बोलत होता. आई शेजारी उभी राहून रडत होती. नवरा परत मिळाला म्हणून. पुढं माझ्या मोठ्या भावाला, विजयला मिळाली. मग दिवाळीच्या सुट्टीतल्या शिबिरात मला. माझ्या भाषेबद्दल विचाराल तर ती खरी होती की कशी, हे मला अजूनही सांगता येत नाही. ओठांवर आली होती आणि आल्यावर फार हलकं वाटलं होतं, एवढं खरं. ज्यांनी हे कधी अनुभवलं नाही ते हसतात. हसू देत. पण एक गोष्ट नीट लक्षात आहे. हॉलमध्ये ज्यांना ज्यांना भाषा होती, त्यांची ती डोळे मिटून, वर तोंड करून चालायची. तेच तेच आठ-दहा आवाज पुन्हा पुन्हा फिरून यायचे. आणि ती कुणाकडं बघून बोललेली नसायची.

आईला काही केल्या मिळेना. हॉलमध्ये भाषा मिळालेल्या बायका पुढं बसत. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचा मान त्यांचा. आई मागं स्टोव्हजवळ सगळ्यांचा चहा करी. “काहीतरी अडथळा आहे,” पास्टर म्हणाले. ते गुजरातीत बोलत, मी इथं मराठीत लिहिते. “बहेन, अडथळा शोधा. तो काढला की आत्मा आलाच.” झालं! आमच्या घरात अडथळा शोधायचा धंदा सुरू झाला. आधी बांगड्या गेल्या. मग क्रूस ओवलेलं काळ्या मण्यांचं मंगळसूत्र गेलं. मग नगरला जाऊन, तांब्याच्या हंड्यावरून ज्या जावेशी तिचं बिनसलं होतं तिच्या पाया पडून आली. जाऊबाईंनी आशीर्वाद दिला, हंडा दिला नाही. मग टीव्ही गेला. विजय आणि मी शेजारच्या भिंतीला कान लावून कांताबेनकडच्या मालिका ऐकायचो. तरी भाषा नाही. पप्पा तिच्याकडं असे बघायचे की जणू तिनं कुठंतरी काहीतरी लपवून ठेवलंय. तळपायाची आग मस्तकात जायची माझी.

शेवटी ते चहाचं वाक्य कुणीतरी पास्टरांच्या कानावर घातलं. चहा गेला. पहिले काही दिवस सकाळी आमचे कप भरताना ती वाफेवर तोंड धरून उभी राहायची.

एकदा मी स्वयंपाकघरात गवार मोडत बसले होते. आई भाकरी थापत होती. एकदम म्हणाली, “सुनी, ती येते कशी गं? आधी पोटात काही हलतं का?”

“तसं काही नाही आई. येते आपली.”

“तुम्हा तिघांशी बोलतो तो. माझ्याशीच का नाही? मी काय घोडं मारलंय त्याचं?” भाकरी तव्यावर टाकून तिनं पाणी फिरवलं. “चर्चमध्ये गाणी म्हणून म्हणून घसा फोडला मी. एक शब्द देईना मला. एक शब्द दिला तरी पुरे.”

मी म्हणाले, “तुला नकोच ती. तुझी आहे तीच बरी आहे.” तर माझ्याकडं उलथनं उगारलं. पण डोळे भरले होते तिचे. जगातली दुसरी कुठलीही गोष्ट तिनं अशी मागितलेली मी पाहिली नाही.

मग तिनं उपास धरला. नुसतं पाणी. ‘मिळेपर्यंत,’ म्हणाली. आईला ब्लडप्रेशरची गोळी होती आणि डॉक्टरांनी ती जेवणानंतर घ्यायला सांगितली होती. आता जेवणच नाही तर गोळी कधी घेणार? “रिकाम्या पोटी नको म्हणालेत,” असं म्हणून ती गोळीही राहिली. पप्पांना मी सांगितलं. पप्पा म्हणाले, “ज्याच्यासाठी उपास आहे तो बघून घेईल.” देव तारी त्याला कोण मारी, ही म्हण ज्यानं काढली त्याला एकदा आमच्या घरी आणून बसवायला हवं होतं.

शनिवारी सकाळी फेलोशिपच्या बायका आमच्याकडं प्रार्थनेला आल्या. आई त्यांच्यासाठी चहा टाकत होती. तिनं कपाळ दाबून धरलं आणि म्हणाली, “डोकं फार ठणकतंय गं सुनी. चहा तू गाळ.” हे तिचं मला कळलेलं शेवटचं वाक्य. इतकं साधं. त्या वेळी ते शेवटचं आहे हे ठाऊक असतं तर मी गाळणी हातात घेतलीच नसती, तिच्याशी बोलत बसले असते. मी चहा गाळून ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा बायकांचं सामूहिक स्तवन चढलं होतं, टाळ्या चालल्या होत्या. आई भिंतीला टेकून बसली होती. ती एकदम उठून उभी राहिली आणि बोलू लागली.

मराठी नव्हतं. गुजराती नव्हतं. शब्द एकामागून एक येत होते, सरळ, न अडखळता, आणि त्यातला एकही शब्द कुणाच्या ओळखीचा नव्हता. आणि मग जो काही हालेलूयाचा कल्लोळ उठला! कुणी तिचे हात धरले, कुणी मिठी मारली. पप्पा ओट्यावरून धावत आले. “विमल! मिळाली गं तुला, मिळाली!” असं म्हणत तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मीसुद्धा रडले. इतके दिवस तिनं मागितलं होतं, आणि देवानं ऐकलं होतं. तो आनंद खोटा नव्हता, हे मला मुद्दाम लिहून ठेवायचंय.

पण मी तिच्या तोंडाकडं बघत होते. तिचे डोळे उघडे होते. ती वर बघत नव्हती. ती आमच्याकडं बघत होती, एकेकीकडं, आणि बोलण्याला तिचीच रोजची चाल होती. भाजीवाल्याशी घासाघीस करताना जी, विजयला ओरडताना जी, तीच. आवाज चढायचा, प्रश्नासारखा थांबायचा, आणि ती वाट बघायची. समोरून हालेलूया आलं की मान हलवायची. नाही, नाही. पुन्हा पहिल्यापासून सांगायची. भाषा बोलणारा माणूस उत्तराची वाट बघत नाही. आई बघत होती.

“पप्पा,” मी म्हणाले, “आई आपल्याला काहीतरी सांगतेय.”

“देवाला सांगतेय,” पप्पा म्हणाले. “तू शंका आणू नको मध्ये.”

निरोप गेला तसे पास्टर स्कूटरवरून आले. आमच्यात भाषेचा अर्थ सांगण्याचंही दान असतं, आणि ते पास्टरांना होतं. त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि तिचं एकेक वाक्य झालं की अर्थ सांगू लागले. “माझ्या मुली, मी तुझी आसवं पाहिली आहेत. या घरावर मी माझी छाया केली आहे. भिऊ नका.” सगळ्या आमेन म्हणत होत्या. आई त्यांचं मनगट धरून ते डोक्यावरून खाली ओढत होती. “आत्म्याचं सामर्थ्य तिला पेलत नाहीये,” असं कुणीतरी म्हणालं. तिनं मग माझा हात धरला. घट्ट, नखं रुतेपर्यंत. आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून अगदी हळू आवाजात, लहान मुलाला समजावतात तसं, काहीतरी सांगितलं. मला एक अक्षर कळलं नाही.

मी हात सोडवून कांताबेनकडं पळाले. त्या तांदूळ निवडत होत्या, सूप तसंच टाकून आल्या. बायकांच्या मधून वाट काढत आईसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “केम छो भाभी?” आईच्या चेहऱ्यावर जो काही सुटकेचा भाव आला! ती भडाभडा त्यांच्याशी बोलू लागली. कांताबेनना आमचा आत्मा माहीत नव्हता, तो शिष्यांवर उतरला तो पन्नासावा दिवस माहीत नव्हता. त्यांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि पप्पांकडं वळून ओरडल्या, “अरे, भाभीने कंईक थयुं छे! दवाखाने लई जाओ!”

पप्पांनी हात जोडले. “कांताबेन, हे आमच्या देवाचं काम आहे. तुम्हाला नाही कळायचं. कृपा करून घरी जा.” त्यांना दारापर्यंत पोचवून त्यांनी कडी लावली. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला दारातून परत पाठवलं नव्हतं त्यानं.

दुपार प्रार्थनेत गेली. आई थकून सतरंजीवर पडली, तरी अधूनमधून बोलत होती. पास्टर म्हणाले, “आता उपास सोडा, चहासुद्धा घेऊ द्या, अडथळा गेला.” मी चहा केला. आलं घातलं. तिनं उजवा हात पुढं केला, कप धरला, आणि कप हातातून सरळ खाली गेला. तो हात पुन्हा उठला नाही. तेवढ्यात विजय ड्यूटीवरून आला. त्याला भाषा होती, पण त्यानं कुणाचं काही ऐकून घेतलं नाही. आईला उचललं, रिक्षात घातलं, मी मागून धावले. पप्पा चपला न घालता आले.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मेंदूतली नस फुटलीय, दाब फार वाढला होता. शब्द समजण्याची आणि जुळवण्याची जागाच नेमकी गेलीय. तिला वाटतं ती नीट बोलतेय. “कधीपासून असं बोलताहेत?” त्यांनी विचारलं. मग पप्पा म्हणाले, “सकाळपासून.” डॉक्टरांनी चष्मा काढला आणि विचारलं, “मग सकाळपासून तुम्ही करत काय होता?” वेळेवर आणलं असतं तर हात वाचला असता, बोलणंही कदाचित थोडं परत आलं असतं, असं ते पुढं म्हणाले. हा ‘कदाचित’ मी इतकी वर्षं जपून ठेवलाय, आणि टाकताही येत नाही.

आई घरी आल्यावर पास्टर फळं घेऊन भेटायला आले. बरोबर हॉलमधल्या चार बायका. पास्टर खरंच हादरले होते, त्यांचा चेहरा उतरला होता. पण माणूस आपल्याला येतं तेच बोलतो. म्हणाले, “भाई, हा सैतानाचा घाला आहे शरीरावर. पण दान खरं होतं. ते देवानं परत घेतलेलं नाही, बघा, अजून बोलताहेत बहेन.”

आई खाटेवर बसली होती आणि खरंच बोलत होती. सकाळपासून एकच काहीतरी पुन्हा पुन्हा मागत होती. आम्ही पाणी दिलं, ढकललं. उशी दिली, ढकलली. मोरीत नेऊन आणलं. खिडकी उघडली, लावली. ती चिडून डाव्या हातानं खाटेच्या कडेवर मारत होती. माझ्या आईनं असा चिडून कधी कशावर हात आपटला नव्हता.

पप्पा उठले. मला वाटलं आता पास्टरांना घालवून देणार. पण ते त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, आणि फार अदबीनं म्हणाले, “पास्टर, तुम्हाला अर्थ सांगण्याचं दान आहे. त्या दिवशी तुम्ही सांगितला. मी आमेन म्हणालो. आता तिचं ऐका आणि मला एवढंच सांगा, तिला काय हवंय? छाया नको, आशीर्वाद नको. तिला तहान लागलीय, का कुठं दुखतंय? एवढा एकच अर्थ सांगा. मी तुमच्या पाया पडतो.”

आई बोलतच होती. पास्टरांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले, थांबले. खोलीत फक्त आईचा आवाज आणि पलीकडं कांताबेनच्या कुकरची शिट्टी. पुष्कळ वेळानं पास्टरांनी डोळे उघडले, ते भरलेले होते, आणि ते म्हणाले, “नाही कळत, भाई.”

“मलाही नाही,” पप्पा म्हणाले.

ती फळं कांताबेनच्या नातवंडांनी खाल्ली. आम्ही त्या हॉलमध्ये पुन्हा गेलो नाही. जुन्या चर्चमध्ये मात्र मागच्या बाकावर जाऊन बसू लागलो. तिथं कुणी काही विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचाही मला रागच आला. पप्पांच्या तोंडून ती भाषा पुन्हा कधी निघाली नाही. आईला आंघोळ घालणं, केस विंचरणं, वेणी घालणं सगळं त्यांनी केलं. वेणी शेवटपर्यंत वाकडीच आली. सकाळी तिच्या कपातला चहा बशीत ओतून, फुंकर घालून, ते तिच्या ओठांशी धरायचे. प्रार्थना करायचे ती साध्या मराठीत, एका ओळीची. “बापा, हिला हवं ते हिला मागता येऊ दे.” आई मध्येच त्यांना काहीतरी सुनवायची. मग ते आमेन म्हणायचे.

लोक मला विचारतात, अजून विश्वास ठेवतेस का? ठेवते. पण कुणी हात वर करून अनोळखी शब्द बोलू लागलं की मी आधी त्याचे डोळे बघते. उघडे आहेत का, कुणाला शोधताहेत का.

आई गेली त्या दिवशी दुपारी ती पप्पांशी खूप वेळ बोलत होती. मी माहेरी आले होते, दारात उभी होते. पप्पा खाटेशेजारी बसून तिच्या तोंडाकडं बघत ऐकत होते. ती थांबली की म्हणायचे, “हो गं.” पुन्हा ती बोलायची. पुन्हा, “हो, हो. करतो मी तसं.” तिचा चेहरा शांत झाला आणि ती भिंतीकडं वळून झोपली. पप्पा बाहेर आले तसं मी त्यांना विचारलं, “काय म्हणत होती?”

“ते मला काय ठाऊक,” पप्पा म्हणाले. “पण ती विचारत होती. उत्तर तर द्यायला हवं ना.”